घर हलवावे, पण घर विकावे का? : कोलकात्याच्या बागबाजारातून मध्यम शहराकडे पाहताना

निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली की शाखेत येणाऱ्या ग्राहकांच्या बोलण्यात, आणि तितक्याच वेळा आमच्या कर्मचारी-बंधुभगिनींच्या जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांत, एक विषय हमखास निघतो. महानगरातली जुनी, अडचणीची जागा विकावी, एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात मोकळे घर घ्यावे आणि उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवून स्वस्थ राहावे, असा तो बेत असतो. ऐकायला तो एकच निर्णय वाटतो. प्रत्यक्षात त्यात दोन निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत. एक राहण्याचे ठिकाण बदलण्याचा आणि दुसरा मालमत्ता विकण्याचा. पहिला निर्णय चुकला तर सामान बांधून परत येता येते. दुसरा मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा उमटला की परत घेता येत नाही. या दोन निर्णयांची फारकत कशी करावी आणि त्यांचा क्रम कोणता ठेवावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

उदाहरणासाठी गिरगाव किंवा सदाशिव पेठ घेता आली असती. पण तिथे प्रत्येक मराठी वाचक आपल्या आठवणी घेऊनच येतो आणि हिशेब बाजूला पडतो. म्हणून जरा दूरचे, तरीही मराठी माणसाला अगदीच परके नसलेले ठिकाण घेतले आहे : उत्तर कोलकात्यातील बागबाजार.

माणसांची ये-जा

बागबाजार म्हणजे कोलकात्याचे गिरगाव म्हणावे अशी हुगळीकाठची जुनी वस्ती. नवीनचंद्र दास यांनी १८६८ साली रसगुल्ला लोकप्रिय केला तो येथलाच. श्रीरामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवी यांचे अखेरच्या वर्षांतील निवासस्थान येथे आहे, भगिनी निवेदितांनी १८९८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती येथेच, आणि नाटककार गिरीशचंद्र घोष यांच्या घराचा जपून ठेवलेला भाग आज त्यांच्याच नावाच्या रस्त्याच्या मधोमध उभा आहे. रहदारी त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून जाते. बोळ अरुंद, घरे दोन-तीन मजली, दारापाशी ‘रोयाक’ म्हणजे आपल्याकडचा ओटा, आणि त्यावर संध्याकाळी बसणारी मंडळी.

या भागात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेल्या, तेव्हा घाबरलेल्या कोलकातावासीयांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याची सुरुवात बागबाजारच्या टोकापासून झाली. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाला आणि मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, तेव्हा काम थांबले. पुढे बराचसा खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. ‘बारगीर’ या आपल्या शब्दाचा बंगालीत ‘बर्गी’ झाला आणि तो तेथील अंगाईगीतांत जाऊन बसला, हे अनेकांना ठाऊक असेल. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या धामधुमीत बर्दवान, मेदिनीपूर या भागांतून पुष्कळ कुटुंबे भागीरथी ओलांडून पूर्वेकडे आणि कोलकात्याकडे आली. म्हणजे आज ज्या मध्यम शहरांकडे कोलकात्याचा निवृत्त गृहस्थ डोळे लावून बसतो, त्यांतल्याच काही गावांतून जीव आणि चीजवस्तू वाचवण्यासाठी माणसे महानगरात आली होती.

आणखी सव्वाशे वर्षांनी तेच कारण वेगळ्या रूपात दिसते. शिशिरकुमार घोष यांचे ‘अमृत बझार पत्रिका’ हे वृत्तपत्र १८६८ मध्ये जेसोर जिल्ह्यातील गावी सुरू झाले. हिवतापाच्या साथीमुळे १८७१ मध्ये ते कोलकात्यात आले आणि पुढे बागबाजारात स्थिरावले. खेड्यातून शहरात येण्याचे कारण आजार होते. त्याच सुमारास आणि नंतर कोलकात्याची सुखवस्तू कुटुंबे नेमक्या उलट दिशेने, तब्येत सुधारण्यासाठी ‘पश्चिमेला’, म्हणजे देवघर, मधुपूर, गिरिडीह या कोरड्या हवेच्या गावांकडे जाऊ लागली. (देवघरजवळच्या करों गावी जन्मलेले, मराठी घराण्यातील सखाराम गणेश देऊस्कर हे बंगालीतील मान्यवर लेखक झाले, त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ चे.) पश्चिमेला गेलेल्या या कुटुंबांनी कोलकात्याचे घर ठेवले आणि तिकडे दुसरे बांधले. पहिल्या पिढीला ते परवडले. पुढच्या पिढ्यांना दोन्हींची डागडुजी झेपेना. बंगले माळ्यांच्या भरवशावर राहिले, कित्येक मोडकळीला आले, कित्येकांवर दुसऱ्यांचा ताबा आला. दोन घरे कायमची ठेवू, हा मार्ग म्हणावा तितका सुरक्षित नाही, एवढे या बंगल्यांकडे पाहून कळते.

स्वातंत्र्यानंतर मात्र मध्यम शहर हा तब्येतीसाठीचा मुक्काम राहिला नाही. तो नोकरीचा पत्ता झाला. दुर्गापूरचा पोलाद कारखाना १९५९ अखेरीस सुरू झाला, १९६० मध्ये तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि आखीव रस्त्यांचे, झाडांचे एक शहर वसले. कोलकाता महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ४५.७ लाख होती. २०११ मध्ये ती ४५ लाखांच्या किंचित खाली आली. देशातील बहुतेक शहरे फुगत असताना या शहराचा गाभा आक्रसला. याच दहा वर्षांत सिलिगुडी ४.७ लाखांवरून ५.१ लाखांवर गेले.

मध्यम शहर म्हणजे नेमके कोणते?

बोलीभाषेत आपण कोणत्याही शहराला ‘मध्यम’ म्हणतो. बँकेच्या आणि सरकारच्या दप्तरी मात्र त्याला मोजमाप आहे. रिझर्व्ह बँकेच्या वर्गीकरणात १० लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येची केंद्रे महानगरी, १ लाख ते १० लाखांपर्यंतची नागरी, १० हजार ते १ लाखापर्यंतची निमनागरी ठरतात. केंद्र सरकार घरभाडे भत्त्यासाठी एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग करते. पश्चिम बंगालमध्ये कोलकाता ‘एक्स’, तर आसनसोल, दुर्गापूर आणि सिलिगुडी ‘वाय’ वर्गात आहेत. बर्दवानची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ३.१ लाख असल्याने ते ‘झेड’ मध्ये पडते. आपल्याकडे नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, अमरावती ही ‘वाय’ वर्गातील शहरे आहेत.

हा वर्ग निवृत्तांपेक्षा नोकरीत असणाऱ्यांना अधिक जाणवतो. सातव्या वेतन आयोगाखाली जानेवारी २०२४ पासून हे भत्ते अनुक्रमे मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. ५० हजार रुपये मूळ वेतन असणारा केंद्रीय कर्मचारी कोलकात्याहून दुर्गापूरला गेला तर त्याचा भत्ता १५ हजारांवरून १० हजारांवर येतो, बर्दवानला गेला तर ५ हजारांवर. भाड्यातली बचत या घटीपेक्षा मोठी आहे का, हे आधी पाहायला हवे. आणि त्याहून मोठा प्रश्न घरातल्या दुसऱ्या पगाराचा असतो. बदली एकाची होते, नोकरी दोघांना लागते. मध्यम शहरात विशिष्ट कौशल्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. पत्नीने नोकरी सोडली तर घरभाड्यातली सगळी बचत पहिल्याच महिन्यात संपते. इतके सांगून नोकरदारांचा विषय येथेच थांबवतो, कारण त्यांना पुढची बदली ही एक पळवाट असतेच. निवृत्तांना ती नसते.

जमेच्या आणि खर्चाच्या बाजू

जागा मोकळी मिळते, यात वाद नाही. बागबाजारातील तिसऱ्या मजल्यावरची, सामाईक जिन्याची, पावसाळ्यात ओल धरणारी खोली आणि दुर्गापुरातले तळमजल्याचे अंगण असलेले घर यांची तुलना करायला आकडे लागत नाहीत. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते : जुन्या घरातील गैरसोयीचा भार सर्वांवर सारखा नसतो. पाणी भरणे, वाळवणे गच्चीवर नेणे, जिन्याची चढउतार करत सासूबाईंचे पथ्यपाणी सांभाळणे हे जिच्या वाट्याला येते, तिचे मत या निर्णयात सगळ्यांत आधी घेतले पाहिजे. आमच्या पाहण्यात ते बहुधा सगळ्यांत शेवटी घेतले जाते.

हवेबद्दल मात्र सावध राहावे. लहान शहर म्हणजे स्वच्छ हवा, असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय आहे. केंद्र सरकारच्या २०१९ मधील राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पश्चिम बंगालमधील ज्या शहरांची नावे हवेचे निकष न पाळणारी म्हणून आली, त्यांत कोलकाता आणि हावडा यांच्याबरोबर दुर्गापूर, आसनसोल, राणीगंज आणि हल्दियाही आहेत. दम्याच्या रुग्णाने कारखान्यांच्या पट्ट्यात जाण्याआधी तेथे एक हिवाळा काढून पाहावा.

प्रवासाचा हिशेब तर बहुतेक वेळा उलटा निघतो. बागबाजारात राहणाऱ्याच्या पायाखाली चक्ररेल्वेचे स्थानक आहे, चालत गेले की श्यामबाजारचे मेट्रो स्थानक, आणि भाजीबाजार, औषधांचे दुकान, बँक, ग्रंथालय सगळे दोन-चार वळणांवर. त्याला वाहन लागत नाही. मध्यम शहरात स्वस्त मिळणारे घर शहराच्या कडेला असते. तेथून बाजारात जायला बंगालमध्ये ज्याला ‘टोटो’ म्हणतात ती बॅटरीवरची रिक्षा, नाहीतर स्वतःची दुचाकी. बासष्टाव्या वर्षी दुचाकी चालवण्यात काही अडचण नसते. पंचाहत्तराव्या वर्षी ती कोण चालवणार, हे घर घेतानाच विचारावे.

वैद्यकीय सोयीची बाजू याहून गंभीर. आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय बागबाजाराहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे, आणि शहरात इतर मोठी रुग्णालये आहेतच. बर्दवान आणि सिलिगुडी येथे १९६० च्या दशकापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, दुर्गापुरात खासगी रुग्णालये वाढली आहेत. तेव्हा ‘तिकडे डॉक्टरच नाहीत’ ही समजूत जुनी झाली. फरक पडतो तो रात्री दोन वाजता हृदयरोगतज्ज्ञ मिळेल का, आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागले तर जागा मिळेल का, येथे. दुर्गापूर हावड्याहून रेल्वेने सुमारे १६० किलोमीटर, सिलिगुडी साडेपाचशेहून अधिक. नियमित तपासणीसाठी कोलकात्याला येत राहू, असे म्हणणाऱ्यांनी हे अंतर आजारी माणसाला सोबत घेऊन मोजावे.

याच संदर्भात आरोग्य विम्याची एक बारीक अट अनेकांच्या लक्षात येत नाही. काही पॉलिसींचा हप्ता शहराच्या विभागानुसार ठरतो. महानगरातून लहान शहरात पत्ता बदलला की हप्ता कमी होतो आणि आपण खूश होतो. पण पुढे उपचार महानगरातल्या रुग्णालयात घ्यावे लागले, तर दाव्याचा ठरावीक भाग स्वतः भरावा लागू शकतो. पत्ता बदलण्यापूर्वी पॉलिसीतील हे कलम वाचून घ्यावे. वाटल्यास वरच्या विभागाचा हप्ता भरत राहावे.

ज्याचे बिल येत नाही असे काही

बागबाजारात सार्वजनिक दुर्गापूजा गेली शंभराहून अधिक वर्षे होते आहे. वर्गणी गोळा करायला येणारा मुलगा दार वाजवतो तेव्हा तो केवळ पैसे नेत नाही. आजोबा गेल्या आठवड्यापासून ओट्यावर दिसले नाहीत हेही त्याला कळते. रक्तदाब मोजून देणारा औषध दुकानदार, किल्ली ठेवायला शेजार, मूल शाळेतून आले नाही तर विचारायला चार घरे. या ‘पाड्या’चे, आपल्या भाषेत आळीचे, कोणी बिल पाठवत नाही. म्हणून स्थलांतराच्या हिशेबात त्याची रक्कम शून्य धरली जाते आणि नव्या शहरात त्यांतली एकेक सेवा विकत घ्यावी लागते : सोबतीसाठी बाई, रुग्णालयात नेण्यासाठी गाडी, घरावर लक्ष ठेवण्यासाठी रखवालदार.

गिरगावातून डोंबिवलीला गेलेल्या मराठी कुटुंबांना हा फटका तितका बसला नाही, याचे कारण ती एकेकटी गेली नाहीत. आळ्याच्या आळ्या गेल्या, आणि लोकलगाडीने मागचा धागा शाबूत ठेवला. बागबाजारच्या माणसाला असे ठिकाण हवे असेल तर ते सिलिगुडी नव्हे. हावड्याहून ३३ किलोमीटरवरचे चंदननगर कदाचित असेल. फ्रेंचांकडून १९५० मध्ये भारताकडे आलेले हे शहर नदीकाठचे, बरेचसे शांत आहे आणि लोकलगाडीच्या पल्ल्यात आहे. जागेचे दर तेथे दुर्गापूरपेक्षा चढे असले, तरी त्या जादा दरात दर महिन्याला जुन्या ओट्यावर जाऊन बसण्याची सोय धरलेली असते, असे आम्ही म्हणू.

येथे एक प्रश्न स्पष्ट विचारला पाहिजे, जरी तो नवरा-बायकोंनी एकमेकांना विचारणे अवघड असले. नव्या शहरात दोघे जातात. एके दिवशी तेथे एकच उरते. बहुतेक घरांत ती पत्नी असते. बासष्टाव्या वर्षी पतीच्या आवडीने निवडलेल्या गावात अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती एकटी कशी राहील? बँकेचे व्यवहार तिला येतात का, शेजारची भाषा येते का, मुलगा किंवा मुलगी किती तासांत पोचेल? बंगालमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न दुप्पट लागू पडतो, कारण तिचे माहेर दोन हजार किलोमीटरवर असते. या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर घर कितीही मोकळे असो, तो सौदा महाग आहे.

विक्रीच्या वाटेवरील खाचखळगे

आता मालमत्तेकडे वळू. बागबाजारातील पुष्कळ घरे एकाच्या मालकीची नाहीत. बंगालात परंपरेने दायभाग पद्धती चालत आली; महाराष्ट्रात मिताक्षरा. मिताक्षरेत मुलाला जन्मतःच वडिलार्जित मालमत्तेत हक्क मिळतो, तर दायभागात तो वडिलांच्या मृत्यूनंतरच निर्माण होतो आणि प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो. म्हणून बंगाली घरात हिस्सेदारांचे वाटे कागदावर स्पष्ट सांगता येतात. मात्र तीन पिढ्यांनंतर ते बारा-पंधरा जणांत विभागलेले असतात, त्यांतले दोघे परदेशी, एकाचा पत्ता नाही, आणि महापालिकेच्या दप्तरी नाव अजून पणजोबांचे! एकट्याने आपला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकणे शक्य असते; पण त्या खरेदीदाराने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार कुटुंबातील व्यक्ती तो हिस्सा स्वतः विकत घेण्याची मागणी करू शकते. खरेदीदारालाही हे ठाऊक असते, म्हणून सुट्या हिश्शाला पूर्ण भाव येत नाही. घर वारसा यादीत असेल तर ते पाडण्यावर बंधने येतात, आणि कोलकात्यात ज्याला ‘प्रोमोटर’ म्हणतात तो विकासक त्या घरातला रस काढून घेतो.

भाडेकरूंची गोष्ट निराळी. जुन्या भाडेनियंत्रण कायद्याच्या जागी पश्चिम बंगालात १९९७ चा कायदा आला आणि तो २००१ पासून लागू झाला. त्यानुसार मूळ भाडेकरूच्या मृत्यूनंतर मुलांचा हक्क साधारणपणे पाच वर्षांपुरता मर्यादित झाला. सोबत राहणाऱ्या आणि स्वतःचे दुसरे घर नसलेल्या पती वा पत्नीला ही मर्यादा नाही. तेव्हा ‘पिढीजात भाड्याची जागा आहे, मुलगा बघेल’ असे म्हणणाऱ्यांनी वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा. उलट, आईच्या नावाची जागा सोडून तिला दुसऱ्या शहरात नेताना आपण काय सोडतो आहोत, हेही त्याच भेटीत विचारावे.

करआकारणीत क्रमाचे महत्त्व सर्वाधिक दिसते. समजा, वारसाने आलेल्या घरातील आपला हिस्सा २०२५-२६ या आर्थिक वर्षात ६० लाखांना विकला. घर २००१ पूर्वीचे असेल तर १ एप्रिल २००१ चे वाजवी बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. ते १० लाख मानू. निर्देशांक न लावता लाभ ५० लाख आणि त्यावर १२.५ टक्क्यांनी कर ६.२५ लाख होतो. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने मोजून पाहण्याचीही मुभा आहे. त्या वर्षाचा खर्चवाढ निर्देशांक ३७६. म्हणून १० लाखांचे ३७.६ लाख होतात, लाभ २२.४ लाखांवर येतो आणि २० टक्क्यांनी कर ४.४८ लाख. (उपकर आणि अधिभार येथे सोडून दिले आहेत.) कोणती पद्धत सोयीची हे २००१ च्या मूल्यावर अवलंबून असल्याने त्या तारखेचा मूल्यांकन अहवाल आधीच करून घ्यावा.

लाभाची रक्कम दुसऱ्या राहत्या घरात घातल्यास करात सूट मिळते. पण त्यासाठी नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षाच्या आत किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घेतलेले असावे लागते. बांधायचे असेल तर तीन वर्षे. (आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून येथे क्रमांक दिलेले नाहीत.) आता दोन गृहस्थांची कल्पना करा. पहिल्याने उत्साहाने दुर्गापुरात आधी घर घेतले आणि मग बागबाजारचा हिस्सा विकायला काढला. हिस्सेदारांच्या सह्या जमवण्यात अडीच वर्षे गेली. एक वर्षाची मुदत केव्हाच उलटली आणि सूट हातची गेली. दुसऱ्याने दुर्गापुरात भाड्याने घर घेऊन एक वर्ष काढले, त्या वर्षात इकडे वारस नोंदी आणि महापालिकेतील नावबदल उरकले, गाव मानवले तेव्हा विक्री केली आणि नंतरच्या दोन वर्षांत पसंतीचे घर शोधले. दोघांनी केले तेच. केवळ आधी काय आणि नंतर काय यातला फरक.

विक्रीची रक्कम मधल्या काळात ठेवायची कोठे? आयकर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत ती नव्या घरात गुंतवली गेली नसेल, तर १९८८ च्या भांडवली लाभ खाते योजनेखालील खात्यात ठेवावी लागते. साध्या मुदत ठेवीत ठेवलेली रक्कम या सवलतीला पात्र ठरत नाही, मग ती आमच्याच बँकेत का असेना. हे खाते ग्रामीण शाखांत उघडता येत नाही, हे मध्यम शहराच्या आसपास राहायला गेलेल्यांनी ध्यानात ठेवावे. प्रोमोटरशी विकास करार केला आणि बदल्यात सदनिका घेतल्या, तर व्यक्ती म्हणून कराची वेळ साधारणतः बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी येते. तोवर भाड्याने राहण्याची सोय करारात लिहून घ्यावी.

घर विकायचे नाही आणि पैसाही हवा, अशांना २००७ पासून रिव्हर्स मॉर्टगेजची योजना आहे. साठ वर्षांवरील मालकाला घर तारण ठेवून दरमहा रक्कम मिळते आणि हयातीत परतफेड करावी लागत नाही. परंतु ते घर स्वतःच्या राहण्याचे असावे ही त्यातील मूळ अट आहे. कर्जदार सलग एक वर्ष तेथे राहिला नाही तर त्याने कायमचे घर सोडले असे मानून कर्ज वसुलीस पात्र ठरू शकते. तेव्हा बागबाजारच्या घरावर अशी रक्कम घेऊन दुर्गापुरात राहण्याचा बेत जमत नाही. त्याऐवजी जुनी जागा अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने देऊन त्या उत्पन्नातून नव्या गावचे भाडे भरणे, हा पहिल्या वर्षापुरता सोपा उपाय आहे. मात्र हे सामाईक घरात इतर हिस्सेदारांच्या लेखी संमतीनेच करावे.

शाखेतली कामे

कोअर बँकिंग आल्यापासून गाव बदलले म्हणून खाते बदलावे लागत नाही. पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक तेवढा अद्ययावत करावा. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’द्वारे डिजिटल पद्धतीनेही देता येतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची खाती दुसऱ्या शाखेकडे वर्ग होतात.

लॉकर मात्र वर्ग होत नाही. तो जुन्या शाखेत सोडावा लागतो आणि नव्या शाखेत उपलब्ध असेल तरच दुसरा मिळतो. मध्यम शहरांतील शाखांत प्रतीक्षायादी असू शकते. पहिले वर्ष भाड्याने राहून पाहणार असाल, तर बागबाजार परिसरातील लॉकर तेवढ्या काळासाठी ठेवावा. घराचे मूळ दस्त, वारसदाखला आणि वाटणीपत्र त्यातच असू द्यावे. वर्षभरात वकिलाच्या कार्यालयात ती कागदपत्रे अनेकदा न्यावी लागतील, आणि ते कार्यालय बहुधा कोलकात्यातच असेल. लॉकर एकट्या पतीच्या नावे असल्यास निघण्यापूर्वी पत्नीचे नाव संयुक्त धारक म्हणून घालावे, नामनिर्देशन तपासावे, आणि किल्ली कोठे ठेवली आहे ते तिला सांगावे.